नांगराला फाळ लावणारा शास्त्रज्ञ: सीक्यूआर अँकरचं प्रकरण

इंग्रजीत शेतातल्या नांगराला एक शब्द आहे आणि जहाजाच्या नांगराला वेगळाच. त्यामुळे १९३३ मध्ये केंब्रिजच्या एका शास्त्रज्ञाने शेतातल्या नांगराचा फाळ जहाजाच्या नांगराला लावला, तेव्हा ती कल्पना पेटंट घेण्याइतकी नवी ठरली. मराठी माणसाला मात्र यात नवल वाटायचं कारण नाही. आपण दोघांनाही पूर्वीपासून नांगरच म्हणत आलो आहोत. गंमत अशी की त्या नव्या वस्तूचं यशही याच शब्दात आहे आणि पुढे दिसलेला दोषही. मी शिकवतो तो विषय पदार्थांची मजबुती. वर्गात या नांगराचं उदाहरण मी अनेकदा दिलं आहे, पण फळ्यावर त्यातलं निम्मंच मावतं.

अडचण कुठून सुरू झाली

जेफ्री इन्ग्राम टेलर (१८८६–१९७५) हे द्रवगतिकीतलं, म्हणजे वाहत्या द्रव-वायूंच्या शास्त्रातलं, मोठं नाव. बूलियन बीजगणित ज्यांच्या नावाने ओळखतात त्या जॉर्ज बूल यांचा हा नातू. टायटॅनिक बुडाल्यावर १९१३ मध्ये हिमनगांवर लक्ष ठेवायला 'स्कोशिया' नावाचं जहाज उत्तर अटलांटिकमध्ये पाठवलं होतं, त्यावर टेलर हवामानतज्ज्ञ म्हणून गेले होते. १९२३ पासून त्यांच्याकडे रॉयल सोसायटीचं संशोधन प्राध्यापकपद होतं, म्हणजे वर्गात शिकवायची सक्ती नाही. मोकळ्या वेळात ते शिडाची बोट हाकत. 'फ्रॉलिक' नावाच्या आपल्या कटर जातीच्या, एका डोलकाठीच्या बोटीतून १९२७ मध्ये ते पत्नी स्टेफनीसह नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत गेले.

अशा बोटीवर माणसं मोजकी असतात. संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरायचं, नांगर टाकायचा, पहाटे उचलायचा, आणि उचलायचा तो हातांनी. त्या काळचा नेहमीचा नांगर म्हणजे चित्रात दिसतो तोच: मधे उभा दांडा, खाली दोन वाकडे हात, हातांच्या टोकाला छोटी पाती आणि वरच्या अंगाला आडवी दांडी. आडव्या दांडीचं काम एवढंच की नांगर तळाशी आडवा पडला तरी एक हात खाली वळावा.

या रचनेत तीन उणिवा आहेत. दोन हातांपैकी एकच तळात शिरतो, दुसरा वर तोंड करून उभा राहतो, म्हणजे त्याचं लोखंड आपण फुकट वाहतो. भरती-ओहोटीबरोबर बोट फिरली की साखळी त्या वरच्या हाताला वेढा घालते आणि नांगर उलटा खेचून काढते. आणि पाती इतकी लहान की पकड मुख्यतः वजनातून येते. पकड वाढवायची तर वजन वाढवायचं, दुसरा उपाय नाही. आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्ग, सिंधुदुर्गच्या आसपास पाण्याखाली जुने दगडी नांगर सापडले आहेत. त्या भोकाच्या दगडांचं आणि या लोखंडी नांगराचं तत्त्व तसं फार लांबचं नाही.

पकड म्हणजे नेमकं काय

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बोटवाल्यांच्या गप्पांत त्या हमखास एकमेकींत मिसळतात. 'नांगर मजबूत आहे' म्हणजे ओढ आल्यावर त्याचं लोखंड वाकत-मोडत नाही. 'नांगर धरतो' म्हणजे त्याच्याभोवतीची वाळू किंवा चिखल जागचा हलत नाही. मजबुती लोखंडाची असते, पकड मातीची असते. नांगराचं काम मातीला कामाला लावणं.

आधी ओढ किती येते ते पाहू. अमेरिकेत लहान बोटींसाठी एक कोष्टक वापरतात. त्यात ३० फुटी बोटीच्या नांगरावर १५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात सुमारे ८० किलो, ३० नॉट वाऱ्यात सुमारे ३२० किलो आणि ४२ नॉटच्या वादळी वाऱ्यात साधारण ६४० किलो ओढ धरली आहे. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे त्या आकड्यांतच दिसतं. समजा, जुना नांगर चांगल्या वाळूत आपल्या वजनाच्या पाचपट धरतो. मग ३२० किलो ओढीसाठी ६४ किलोचं लोखंड बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हवं. ते पहाटे कोण उचलणार?

उलट, पातं वाळूत खोल गेलं तर त्याला बाहेर यायला समोरची वाळूची अख्खी पाचर उचलून ढकलावी लागते. खोली जसजशी वाढते तसतशी ही पाचर फार भराभर मोठी होते. पातं दुप्पट खोल गेलं की पकड दुपटीहून कितीतरी जास्त वाढते. म्हणजे प्रश्न वजनाचा राहत नाही. प्रश्न असा होतो: ओढलं की बाहेर येण्याऐवजी खाली जाणारी वस्तू कशी बनवायची?

इथे मापाच्या हिशेबाची एक बाजू आहे, ती मला फार आवडते. नांगर सगळ्या बाजूंनी दुप्पट केला की वजन आठपट होतं. वाळूत घर्षणाचा खेळ असल्यामुळे पकडही आठपट वाढते. म्हणून वाळूपुरती छोटी प्रतिकृती खरं बोलते: दोन किलोचा नमुना वजनाच्या वीसपट धरत असेल तर वीस किलोचाही साधारण तेवढाच धरेल. एकसारख्या मऊ चिकणमातीत मात्र जोर पात्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. तिथे दुप्पट मापाच्या नांगराची पकड चौपटच होते, वजन मात्र आठपट. छोट्या नमुन्यावर विसंबून चिखलासाठी मोठा नांगर काढला तर तो नक्की फसवणार. टेलर यांचा हातखंडाच मुळी मिती-विश्लेषणाचा, म्हणजे लांबी, वेळ, वजन अशा मापांच्या नात्यावरून उत्तर काढण्याचा. पुढे १९५० मध्ये त्यांनी पहिल्या अणुस्फोटाच्या गोळ्याचं आकारमान आणि वेळ एवढ्यावरून स्फोटाची शक्ती काढून दाखवली, ती याच पद्धतीने.

उत्तर

टेलर यांनी हात एकच ठेवला. त्याच्या टोकाला शेतातल्या नांगरासारखा फाळ, पण दोन फाळ पाठीला पाठ लावून जोडावेत तसा, डाव्या-उजव्या बाजूंना सारखा. फाळ आणि दांडा यांच्यामध्ये बिजागरी. आडवी दांडी काढूनच टाकली.

हा नांगर तळाशी पडतो तो कुशीवर. ओढ लागली की फाळाचं टोक एका अंगाने वाळू कापतं, टोक खाली जाताना फाळ हळूहळू सरळ होतो आणि मग दोन्ही पाखी सारख्या भरून खोल जातो. वर काही उरत नाही, त्यामुळे साखळीला वेढा घालायला जागाच नाही. बोट फिरली तर आधी दांडा बिजागरीवर बाजूला वळतो आणि फाळ जागेवर राहतो. फार फिरली तर फाळही जमिनीतल्या जमिनीत नव्या दिशेला वळतो.

शेतातल्या नांगराशी तुलना इथे नेमकी लागू पडते. शेतकरी रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरून फाळ फार खोल जाऊ देत नाही, कारण बैलांना ओढवलं पाहिजे. समुद्रतळावर रुमणं धरायला कोणी नाही, आणि खोल जाणं हेच तर हवं आहे. हळस (नांगराचा लांब दांडा) आणि फाळ यांच्यातला कोन बदलला की शेतात तास, म्हणजे फाळाने पडणारी चर, उथळ-खोल होतं, तसंच इथेही दांडा आणि फाळ यांतला कोन ठरवतो की वस्तू खाली जाईल, नुसती सरपटेल की उसळून वर येईल. शेतात हा कोन शेतकरी पाचर ठोकून दुरुस्त करतो. नांगराला तो एकदाच, भट्टीत, कायमचा मिळतो.

टेलर यांनी विमानशास्त्रातले विल्यम फॅरन आणि आणखी एक दर्यावर्दी मित्र यांना घेऊन छोटी कंपनी काढली. नाव 'सिक्युअर' ठेवायचं होतं, पण ते व्यापारचिन्ह म्हणून मिळण्यासारखं नव्हतं. मग सी-क्यू-आर ही तीन अक्षरं घेतली. घाईने म्हटली की इंग्रज कानाला 'सिक्युअर'च ऐकू येतं. नांगरांच्या पकडीवर टेलर यांचा लेख १९३४ मध्ये आला. हलक्या वजनामुळे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हा नांगर सोयीचा ठरला, आणि महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या लहान जहाजांवरही तो गेला. त्यानंतर चार-पाच दशकं लांबच्या सफरीवर निघालेल्या यॉटच्या नाळेवर बहुधा हाच दिसे. ३०–३५ फुटी बोटीला ३५ पौंडांचा, म्हणजे १६ किलोचा सीक्यूआर ही ठरलेली जोडी होती. वरच्या ६४ किलोंशी ताडून पाहा.

हलका झाला, पण वाकणार नाही कशावरून?

इथून माझा विषय सुरू होतो.

६४ किलोच्या लोखंडावर ३२० किलोंची ओढ आणि १६ किलोच्या लोखंडावर तीच ओढ, यात लोखंडाच्या दृष्टीने चौपट फरक आहे. नांगर जितका चांगला धरतो तितका त्याचा स्वतःचा दांडा धोक्यात येतो. न धरणारा नांगर कधी वाकत नाही, तो नुसता घसरतो! जहाजांना दाखले देणाऱ्या वर्गीकरण संस्थांनी हे नियमात नेमकं बसवलं आहे. साध्या नांगराच्या दुप्पट पकड सिद्ध केली तर तो 'उच्च पकडीचा' नांगर, आणि त्याचं वजन पाऊणपट चालतं. चौपट सिद्ध केली तर 'अतिउच्च पकडीचा', वजन निम्मं चालतं. पण कारखान्यात ओढून बघायची जी चाचणी असते, तिच्यात पहिल्याला त्याच्या वजनाच्या ४/३ पट वजनाचा साधा नांगर समजून ताण देतात आणि दुसऱ्याला दुप्पट वजनाचा समजून. म्हणजे १००० किलोच्या जागी ७५० किलोचा आणला काय किंवा ५०० किलोचा आणला काय, चाचणीचा ताण १००० किलोच्या नांगराचाच. वजनात सूट मिळते, मजबुतीत मिळत नाही.

सरळ ओढीत दांडा सहसा मोडत नाही. तो वाकतो आडव्या ओढीत. फाळ चिखलात खोल रुतलेला किंवा खडकाच्या फटीत अडकलेला असतो, रात्री वारा फिरतो आणि बोट काटकोनात जाऊन ओढू लागते. एक साधा हिशेब करू. दांडा म्हणजे ८० मिलिमीटर रुंद, १६ मिलिमीटर जाड सपाट पट्टी आणि ओढीचं अंतर ६० सेंटिमीटर. साध्या पोलादाची, म्हणजे २५० मेगापास्कल (मेगापास्कल हे ताणाचं माप) ताणाला नमणारी ही पट्टी आडव्या अंगाने जेमतेम १४५ किलोंना वाकू लागते. उभ्या अंगाने तीच पट्टी पाचपट भार घेते, सव्वासातशे किलोंच्या आसपास. तीच पट्टी ६९० मेगापास्कलच्या पोलादाची केली तर आडव्या ओढीत ४०० किलोंपर्यंत टिकते. ३० नॉट वाऱ्यातली ३२० किलोंची ओढ आडवी आली तर पहिली पट्टी गेली, दुसरी राहिली. रंग लावल्यावर दोन्ही दिसायला सारख्याच. नव्या नांगरांच्या वाकलेल्या दांड्यांवरून गेल्या काही वर्षांत जे वाद झाले, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच हिशेब आणि पोलादाची प्रत आहे.

सीक्यूआरने हा प्रश्न दोन वाटांनी सोडवला. दांडा सपाट पट्टीचा नव्हे, तर घणाखाली घडवलेला, इंग्रजी I अक्षराच्या आकाराच्या छेदाचा. आणि बिजागरीमुळे आडवी ओढ थोड्या कोनापर्यंत दांड्याला वाकवतच नाही, फिरवते. बाजारात त्याच्या ज्या नकला आल्या त्यांनी आकार उचलला, पण घडवलेल्या पोलादाऐवजी पुष्कळदा ओतीव किंवा जोडकामाचे तुकडे लावले. पकडीत फरक कळला नसेल, वादळात कळतो.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या १९३४ साली टेलर नांगरांच्या पकडीवर लिहीत होते, त्याच साली त्यांनी धातू वाकतात ते नेमके का, याचा उलगडाही मांडला: स्फटिकांतल्या अणूंच्या रांगांमधले सूक्ष्म दोष सरकतात म्हणून. ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे त्याच वर्षी तेच मांडलं. वाळू कशी हलते आणि पोलाद कसं हलतं, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर एकाच वेळी होते. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

नांगर शेवटी नांगरतोच

आता दोषाकडे. शेतातल्या फाळाची रचना माती दोन्हीकडे फेकत पुढे सरकण्यासाठी असते. फाळाची ओढीकडची बाजू फुगीर, मधे धार. हाच आकार जहाजाखाली लावला तर ओढ वाढल्यावर तो माती अडवून धरण्याऐवजी कापत पुढे जाणार. सीक्यूआर एकदम उपटून येत नाही हे खरं. पण ओढ हाताबाहेर गेली की तो तळाशी संथपणे तास काढत चालू लागतो. काही खलाशांना हे गुण वाटतं, कारण बोट सावकाश मागे जाते आणि जागं व्हायला वेळ मिळतो. मला ते उदार मनाचं स्पष्टीकरण वाटतं.

दुसरा दोष कठीण वाळूचा. कुशीवर पडलेला फाळ टोक रोवण्याआधीच सरपटत जातो, आणि बिजागरी ढिली असेल तर टोकावर दाब येण्याऐवजी सांधाच दुमडतो. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळ काही नौकानयन मासिकांनी मिळून नांगर ओढून पाहिले, तेव्हा हा जुना मानकरी मागे पडला. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, सीक्यूआर बनवणाऱ्या ग्लासगोच्या सिम्पसन-लॉरेन्सनेच 'डेल्टा' काढला होता. फाळ तसाच, टोकात शिसं आणि बिजागरी गायब. घरच्यांनीच दिलेला हा निकाल मला कुठल्याही चाचणीपेक्षा मोलाचा वाटतो. (टोकात शिसं असलेला नांगर पुन्हा गॅल्वनाइझ करायला देताना कारखानदाराला आधी सांगा. जस्ताची कढई साडेचारशे अंशांवर असते आणि शिसं ३२७ अंशांवर वितळतं.)

बाकीचे स्पर्धक याच दोषांच्या अनुषंगाने पाहिले की नीट कळतात. अमेरिकेत १९४० च्या सुमारास आलेला डॅनफोर्थ म्हणजे दोन रुंद सपाट पाती आणि त्यांना बिजागरी. पात्याचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने प्रचंड, त्यामुळे सरळ ओढीत पकड जबरदस्त. पण बोट उलटी फिरली की कधी कधी तो उपटतो आणि पात्यांत दगड अडकला तर पुन्हा रुततच नाही. पीटर ब्रूस यांचा तीन बोटांच्या पंजासारखा नांगर १९७० च्या दशकात उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांच्या कामातून आला. तो कुठेही चटकन बसतो, पण वजनाच्या मानाने धरतो कमी. खरी उडी घेतली ती फ्रान्समधल्या 'स्पेड'ने आणि मग न्यूझीलंडच्या 'रोकना'ने. त्यांनी फाळ उलटा केला: ओढीकडची बाजू फुगीर नव्हे, खोलगट. म्हणजे नांगर जाऊन फावडं आलं. फावडं माती बाजूला सारत नाही, कवेत घेते. जर्मन 'ब्यूगेल'कडून आलेली वरची कमान रोकनाला कुशीवरून पलटी मारून टोकावर उभं करते. टेलर यांनी सोडवलेले प्रश्न यांनी नव्याने सोडवलेले नाहीत. एकच हात, आडव्या दांडीला रजा आणि ओढलं की खाली जाणं ही चौकट टेलर यांचीच.

मुंबईच्या चिखलात

चाचण्या बहुतेक वाळूत होतात. मुंबई बंदराचा तळ मात्र मऊ गाळाचा. अशा गाळात वर सांगितलेला क्षेत्रफळाचा नियम राज्य करतो आणि वजनदार फाळ निमूटपणे मागे येतो. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात २०१४ मध्ये मऊ चिखलात मोठी चाचणी झाली. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा, डॅनफोर्थच्या घराण्यातला फोर्ट्रेस बाकीच्यांना फार मागे टाकून गेला. चाचणीचा खर्च त्याच कंपनीने केला होता हे लक्षात ठेवूनही, निकाल पदार्थविज्ञानाला धरून आहे. त्याची पाती वाळूसाठी ३२ अंशांवर असतात आणि चिखलासाठी ती ४५ अंशांवर बसवता येतात. मऊ गाळात विरोध इतका कमी की पातं जास्त तिरपं उघडल्याशिवाय खाली जायला आधारच मिळत नाही.

एका मित्राच्या २८ फुटी शिडाच्या बोटीवर परदेशातून जुना घेतलेला १६ किलोचा सीक्यूआर आहे. दोन वर्षांपूर्वी मांडव्याच्या अलीकडे आम्ही जेवायला थांबलो. ओहोटीला तीन मीटर पाणी, नाळेची उंची एक मीटर, मिळून चार मीटर, त्याच्या पाचपट म्हणून वीस मीटर साखळी सोडली आणि निवांत डबे उघडले. मुंबईची उधाणाची भरती चार मीटरहून जास्त चढते. भरती भरेपर्यंत चाराचे आठ मीटर झाले, वीस मीटर साखळी अडीचपटच उरली. साखळी ताठ झाली की पाचपटीला ओढीचा कोन साडेअकरा अंश असतो, तो आता तेवीसच्या वर गेला होता. कुठलाही फाळ तेवीस अंशांनी वर ओढला की रुतायचं विसरतो. समोरच्या धुराड्याचं टोक हळूच मागच्या झाडावरून सरकताना दिसलं, तेव्हा कळलं की आपण तास काढत निघालो आहोत. वर ओढलेल्या फाळावर दोन्ही बाजूंना टोपलीभर काळा चिखल होता, व्यवस्थित दुभंगलेला.

चूक साखळीची होती, पण तळाचाही वाटा होता. मित्राने आता बंदरासाठी डॅनफोर्थ जातीचा हलका नांगर घेतला आहे आणि साखळी मोजताना भरतीचं पाणी धरतो. सीक्यूआर काढून टाकायला तो तयार नाही. मालवणकडे वाळूत तो चांगलाच बसतो, हा त्याचा अनुभव, आणि तो खोटा म्हणायला माझ्याकडे आधार नाही. मी फक्त बिजागरीचा खिळा तपासायला लावला. तीन मिलिमीटर झिजला होता. जुना खिळा काढायला अर्धा दिवस गेला, नवा लेथवर करून घेतला. नाळेवरच्या रोलरवर तो पूर्वी रात्रभर खडखडायचा, आता गप्प असतो.